ललिता कुठे बघते

पळी हातात धरून पोरगी चुलीपुढे थिजली होती आणि डाळ उतू जाऊन निखारे विझवत होती. रुक्मानं दोन हाका मारल्या. मग पाठीत धपाटा घातला. तेव्हा कुठे ललितानं मान वळवली आणि आईकडे असं पाहिलं, जणू ही बाई पूर्वी कुठेतरी पाहिली आहे पण नाव काही आठवत नाही.

"ध्यान कुठं आहे वं तुझं?"

"कुठं नाई. सोचून राहिली होती."

"काय सोचून राहिली होती?"

ललितानं डाळ हलवली आणि पुन्हा कोपऱ्याकडे नजर लावली. त्या कोपऱ्यात पाण्याच्या रांजणाखेरीज काहीही नव्हतं.

आता तेरा वर्षांच्या पोरीचं कामात लक्ष नसणं ही काही दवंडी पिटण्याजोगी गोष्ट नव्हे. ज्यांच्या घरी पोरी आहेत त्यांना विचारा. पण रुक्माची ही लेक पहिल्यापासून हुकमाची ताबेदार. बस म्हटलं की बसायची, ऊठ म्हटलं की उठायची. उलट सवाल तिला ठाऊकच नव्हता. त्या उन्हाळ्यात मात्र काहीतरी बदललं. अंगानं पोर वाढत होती, परकर घोट्यांच्या वर चढला होता, त्याचं काही नाही, ते सगळ्यांच्याच पोरींचं होतं. पण हिच्या डोळ्यांमागे कुणीतरी नवीन बिऱ्हाड थाटल्यासारखं वाटायचं. रुक्माला भीती त्या बिऱ्हाडाची होती.

भिलाईजवळ मरोद्याला टिनाच्या खोल्यांच्या रांगा होत्या, त्यातल्या एका खोलीत हे तिघं राहत. पोलाद कारखान्याच्या भट्ट्या पेटल्या होत्या, तरी बांधकाम काही सरत नव्हतं. जमिनीत लोखंडी खांब ठोकणारं यंत्र दिवसभर धम्म, धम्म करत राही. नवा माणूस आला की पहिले काही दिवस त्याला जेवण गोड लागत नसे. मग सवय व्हायची आणि तो आवाज त्याला ऐकूच यायचा नाही. रुक्माचा नवरा धोंडबा तिथे रिगर होता. जड लोखंड दोरखंडांनी वर चढवणारी जी टोळी असते, तिच्यात. माणूस सरळ, थोडा तापट, आणि लेकीला मॅट्रिक करायचं या एका गोष्टीवर अडून बसलेला.

घरात चौथाही होता. हिरा. त्याला जाऊन तीन उन्हाळे झाले होते.

भिलाईला आल्यावरचा तो पहिलाच उन्हाळा. रुक्मा मातीकामावर टोपल्या वाहायला जायची. चार वर्षांच्या हिराला हगवण लागली आणि हगवण लागलेल्या पोराला पाणी द्यायचं नसतं, पाणी पोटात गेलं की पाणीच बाहेर पडतं, हे रुक्माला तिच्या मायनं सांगितलेलं होतं. मायला तिच्या मायनं. सगळ्या गावाला ठाऊक असलेली गोष्ट, तिच्यात विचारायचं काय? कामावर जाताना तिनं दहा वर्षांच्या ललिताला बजावलं, कितीबी रडला तरी पाणी देऊ नको. संध्याकाळी ती परत आली तेव्हा हिरा थंड पडला होता. "मी पाणी नाई देलं, माय," एवढंच ललिता म्हणाली, सांगितलेलं काम चोख केल्यावर पोरं जसं सांगतात तसं. मग ती त्याबद्दल पुन्हा बोलली नाही. जाताना हिरा काय म्हणाला, त्यानं कुणाची आठवण काढली, हे रुक्माला कधी कळलंच नाही. तीन वर्षं तो प्रश्न तिच्या छातीत कुसळासारखा रुतून बसला होता.

कुणी नेलं, याबद्दल मात्र तिच्या मनात शंका नव्हती. मातामायनं नेलं. वैनगंगेकाठच्या त्यांच्या गावात रुक्माच्या मायच्या अंगात मातामाय यायची. पटकी, हगवण, देवी, सगळ्या रोगांची ती मालकीण. नागपूरला दीक्षा झाली आणि धोंडबानं घरचे देव गाठोड्यात बांधून नदीत सोडले. मातामायचा शेंदऱ्या दगडही त्यातच गेला. रुक्मानंही तेव्हा हात जोडून 'जयभीम' म्हटलं होतं, आणि खोटं नव्हतं म्हटलं. गावकुसाबाहेर जन्म काढलेल्या बाईला त्या दिवशी पहिल्यांदा मान ताठ करून चालता आलं होतं. पण वर्ष-दीड वर्षातच हिरा गेला, आणि तिनं मनातल्या मनात ठरवलं की मातामाय आगगाडीच्या रुळांच्या कडेकडेनं चालत आपल्यामागे इथवर आली. कारण भयंकर होतं खरं, पण त्यात एक सोय होती. देवीनं नेलं म्हटलं की दुसऱ्या कुणाचं नाव घ्यावं लागत नाही.

त्या उन्हाळ्यात ललिता एके दिवशी शाळेतून आली ती जेवली नाही. शाळेत नर्सबाई येऊन गेली होती, रोगराईवर काहीबाही सांगून गेली होती. संध्याकाळी लुगडी वाळत घालताना पोरीनं विचारलं, "माय, हगवण लागली तं पाणी कावून बंद करते?"

"पाणी देलं तं पाणीच जाते म्हणून."

"कोनं सांगतलं?"

"माह्या मायनं."

"तिले कोनं सांगतलं?"

"तिच्या मायनं. काय लावलं वं हे?"

"अन् सगळ्यात पयल्या मायले?" ललिता म्हणाली. "तिले कोणी सांगतलं नसन. तिनं करून पाहिलं असन. किती लेकरं घेऊन पाहिलं असन तिनं?"

रुक्माच्या हातातलं पिळलेलं लुगडं मातीत पडलं. पोरीच्या आवाजात राग नव्हता, रडू नव्हतं. आवाज तिचाच होता, पण बोलणारं कुणी पोक्त होतं. रुक्मानं लुगडं उचललं, झटकलं आणि पुन्हा धुवायला घेतलं. नर्सबाईनं नेमकं काय सांगितलं, ते तिनं विचारलं नाही. न विचारण्यात ती वाकबगार होती.

मग नळावरची गोष्ट झाली. शेजारची मैनाबाई गोंदियाकडची, शेतकरी घरची. तिचा नवरा मारोतराव कोक भट्टीवर होता. दुपारी बाया भांडी घेऊन रांगेत उभ्या होत्या. ललितानं मैनाबाईकडे जरा वेळ पाहिलं आणि सहज विचारलं, "मावशी, तुमी हमेशासाठी गावाले चालल्या का?"

मैनाबाईची घागर निसटून खाली आदळली. जमीन कसायला परत जायचं हे नवरा-बायकोचं आदल्याच आठवड्यात, दार लावून, कुजबुजत ठरलं होतं. चुलीलाही त्याची कुणकुण नव्हती.

ते बाया विसरल्याही असत्या. पण पुढे एका दुपारी, ऊन नुसतं भाजत असताना, त्याच नळावर ललितानं एकदम मान वर केली. "बाच्या टोळीतलं कोणीतरी पडलं," ती म्हणाली. मग आईकडे वळून, "बा नाई. दुसरं कोणी."

काही वेळानं सायकलवर एक माणूस निरोप घेऊन आला. दोरावरून हात सुटून देवराव पडला होता, मांडीचं हाड मोडलं होतं, जीव वाचला होता. मैनाबाई तिथेच, ओल्या सिमेंटवर गुडघे टेकून, ललिताच्या पाया पडली. गावात जिनं रुक्माच्या हातचा पाण्याचा थेंब घेतला नसता, अंगावर तिची सावली पडली असती तर जिनं परत अंघोळ केली असती, ती बाई धोंडबा रिगरच्या पोरीच्या पायांवर कपाळ घासत होती. कारखान्यानं माणसं जवळ आणली म्हणतात ते असं.

"माता आहे तुह्या घरी," ती रुक्माला म्हणाली. "नशीब काढलं तू."

ललिता मैनाबाईच्या पाठीकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर जे होतं त्यानं रुक्मा घाबरली. पोरीला मजा वाटत होती. आपण एक वाक्य बोललो आणि मोठ्या बाईचे गुडघे वाकले, हे तिनं मनाशी नोंदवून ठेवलं होतं. दुसऱ्याच क्षणी तिला स्वतःचीच भीती वाटली असावी, कारण तिनं पाय मागे ओढले आणि रिकामी बादली घेऊन ती घराकडे पळाली.

मग पुरुष कामावर गेले की बाया येऊ लागल्या. कुणी लिंबू आणलं, कुणी नारळ. माझं पोट कधी पिकेल, माझा धनी दारू सोडेल का. ललिता गप्प राहायची, ते गप्प राहणंही बायांना देवीचंच वाटायचं. आणि कधी बोललीच तर अचूक बोलायची.

रुक्मानं एके संध्याकाळी नवऱ्याकडे आडून विषय काढला. पोरीचं काही खरं नाही, एकटक बघते, न सांगितलेलं ओळखते. धोंडबानं ललितालाच समोर बसवलं. "कसं ओळखलं तू मैनाबाईचं?"

"त्यायनं या साली वड्या नाई घातल्या, पापडबी नाई," ललिता म्हणाली. "सगळ्या चाळीनं घातले. म्हणजे बरसातीत त्या इथं खाणारच नाई."

"अन् देवरावचं?"

"धम्म आवाज थांबला. तुमची टोळी सध्या त्याच यंत्रावर आहे. जेवणाचा भोंगा तं वाजला नव्हता. मंग दवाखान्याच्या रस्त्यावर धूळ उडाली, गाडी जोरात गेली. अन् तुमी सकाळी म्हणलं होतं, आज वॅगन खाली करायले जातो म्हणून."

धोंडबा मांडीवर थाप मारून हसला. पोरगी बाहेर गेल्यावर मात्र तो गंभीर झाला. "जसे हातपाय वाढते तसं तिचं डोस्कं वाढून राहिलं, रुक्मा. मले आठवते ना. मी तिच्याएवढा होतो तवा मले आपल्या गावची विहीर पयल्यांदा दिसली. विहीर तं आधीबी होती. मी रोज तिच्याजवळून जाये. पण त्या साली एकदम दिसली, की ही त्यायची आहे अन् आपल्याले डबकं आहे, अन् हे असंच कावून? मी बाले विचारलं तं बानं मले झोडपलं. त्यालेबी वाटलं असन, पोराले लागीर झालं."

नवऱ्याचं बोलणं रुक्माला समजलं. पटलंही. पण वड्या-पापडांवरून मैनाबाईचं जाणं कळेल, थांबलेल्या आवाजावरून देवरावचं पडणं कळेल; हिरा काय म्हणाला ते कशावरून कळणार? ते फक्त मातामायला ठाऊक. आणि ती जर खरोखर पोरीच्या अंगात येऊन बसली असेल, तर विचारायची हीच वेळ होती. शहाण्यासुरत्या बाईनंही असंच केलं असतं, तिला कुणी नावं ठेवू नयेत.

धोंडबा पहिल्या पाळीला गेला होता. गरम वाऱ्याची लू सुटली होती, टिनाचे पत्रे तडतड वाजत होते, बाहेर कुत्रंदेखील नव्हतं. रुक्मानं दार आतून लावलं. मैनाबाईकडून आणलेली हळद, कुंकू, लिंबू पदरातून काढलं. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर होती. ती तिनं उतरवली, पदरानं पुसली आणि तोंड भिंतीकडे करून ठेवली. त्यांच्या डोळ्यांदेखत हे करायची तिची छाती झाली नाही. मग ललिताला पाटावर बसवलं, तिचे केस सोडले, कपाळभर मळवट भरला आणि ऊद पेटवला.

"काय करून राहिली तू, माय?"

"गप बस."

आणि ती लेकीपुढे हात जोडून बसली. "मातामाय, आमी तुले पाण्यात सोडलं. चुकलं असन तं मले खा, पण एक सांग. माहा हिरा जातानी काय म्हणला?"

ललितानं आईकडे पाहिलं. पुष्कळ वेळ पाहिलं. लहान पोरानं गरम वाटी मागितली की हे धरू शकेल का, याचा आपण अंदाज घेतो, तसं ते पाहणं होतं. मग तिचे डोळे मिटले. खांदे हलायला लागले, आधी हळू, मग जोरात. केस तोंडावर आले. आणि जो आवाज आला तो रुक्माच्या मायचा होता. तोच घोगरेपणा, शब्दाच्या शेवटी श्वास ओढण्याची तीच लकब. माय जाऊन सहा वर्षं झाली होती.

"झोपला तो," आवाज म्हणाला. "माय मुरमुरे घेऊन येते म्हणला. मंग झोपला. काई मागतलं नाई त्यानं. सुखानं गेला."

रुक्माला हुंदका फुटला. तीन वर्षांचं ओझं एका घटकेत उतरलं आणि तिनं जमिनीवर डोकं टेकलं. गार माती कपाळाला लागली. तिरप्या डोळ्यांना समोर फक्त रांजणाचा बुडखा दिसत होता.

आणि ती तशीच राहिली, कारण हे असं, इतक्या खालून, तिनं एकदा पाहिलं होतं. त्या संध्याकाळी ती याच जमिनीवर कोसळली होती. हिरा गोधडीवर नव्हता. गोधडी भिंतीकडे होती. हिरा रांजणाच्या बुडाशी पालथा पडला होता, ओलसर माती त्याच्या नखांत भरली होती, आणि वर, रांजणाच्या झाकणावर, गुडघे पोटाशी घेऊन ललिता बसली होती. हे सगळं तिनं पाहिलं होतं. पाहिलं आणि पोराला उचलून किंचाळली, आणि त्यानंतर या गोष्टी एकमेकींशेजारी कधी ठेवल्याच नाहीत. झोपलेलं पोर रांजणाशी कसं आलं?

मातामायला खोटं बोलायची काय गरज होती? ती तर सूड घ्यायला आली होती, तिनं खरं सांगून काळीज चिरलं असतं. रुक्माला सांभाळून घेणारं या खोलीत दुसरंच कुणीतरी होतं, आणि ते तेरा वर्षांचं होतं.

तिनं डोकं वर केलं. "ललिते, डोळे उघड."

घुमणं चटकन थांबलं.

"तू रांजणावर बसली होती."

"हाव."

"त्यानं पाणी मागतलं."

"माय, नको विचारू. मी तुले चांगलं सांगतलं ना."

"मागतलं?"

"आवाज होता तवर," ललिता म्हणाली. आता तिचा स्वतःचा आवाज होता, बारीक. "पयले मले मागतलं. मंग तुले मागतलं. तू नव्हती तं मंग रांजणालेच मागे."

रुक्माला वाटलं आपण आता मरणार, आणि मरण आलं नाही. धम्म, धम्म चालूच होतं. तिनं लेकीचे दोन्ही हात धरले. "मी सांगतलं होतं तुले. ऐकते का? कोणी मातामाय-बिताय नाई. मी सांगतलं, तू केलं. माहा शब्द होता तो."

"मालूम आहे," ललिता म्हणाली. "मी तुह्यावर टाकून पाहिलं. माह्यावरबी टाकून पाहिलं. कोणावरबी टाकलं तरी तो मरतेच. पण नर्सबाई येऊन गेली तवापासून मी दुसरं करते. एकेक चीज बदलून पाहते. मी पाणी देलं असतं तं. तू घरी असती तं. नर्सबाई त्या साली आली असती तं. माय, हर बार तो जिता राहते. अन् जिता राहिला तं मोठाबी होते. मी थांबवते तरी थांबत नाई."

रुक्मानं कोपऱ्याकडे पाहिलं. हे भूत नव्हतं, लागीर नव्हतं. तिच्या लेकीच्या डोक्यात, याच खोलीत, एक पोरगा वाढत होता, आणि जन्म देणाऱ्या बाईनं त्याला कधी पाहिलं नव्हतं. भीती वाटायला हवी होती. ती वाटलीही, पण त्याच्याआधी वाटला तो हेवा.

पदराच्या टोकानं तिनं ललिताच्या कपाळावरचा मळवट पुसला, रगडून, लाल डाग जाईपर्यंत. मग ती पाटाशेजारी, लेकीच्या खांद्याला खांदा लावून बसली. आता तिलाही थांबता येणार नाही, हे तिला कळत होतं.

"किती मोठा झाला आता?" तिनं विचारलं.

"सात वर्साचा," ललिता म्हणाली. "समोरचे दात पडले. हसतानी तोंडावर हात ठेवते."